वाकासा: पाच तलाव आणि बांगड्याची वाट

वाकासाला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: पोहोचल्या पोहोचल्या डोंगर चढायला जाऊ नका. तिथली सगळी माहितीपत्रकं तुम्हाला आधी डोंगरावर पाठवतात. तिथून पाच तलाव आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत दिसतो, फोटो उत्तम येतात. दोन तासांत सगळं आटोपतं आणि माणसं दुपारच्या गाडीने क्योतोला परततात. त्यांनी पाणी पाहिलेलं असतं, पण त्या पाण्यात काय दडलंय ते त्यांना कळलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं आहे की दोन रात्री राहा, पहिला दिवस खाली काठावर काढा आणि डोंगर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

वाकासा हे जपानच्या फुकुई प्रांतातलं गाव. क्योतोच्या उत्तरेला, जपान समुद्राच्या काठावर. जुन्या काळी वाकासा नावाचा अख्खा सुभा होता. आज त्या नावाचं जे गाव आहे ते 2005 साली मिकाता आणि कामिनाका ही दोन गावं एकत्र करून झालं. शेजारी पूर्वेला मिहामा, पश्चिमेला ओबामा. तलाव वाकासा आणि मिहामा या दोन गावांत विभागलेले आहेत. त्यामुळे हॉटेल शोधताना वाकासा, मिहामा आणि मिकाता ही तिन्ही नावं टाकून पाहा, नाहीतर निम्म्या जागा तुम्हाला दिसणारच नाहीत.

तलाव पाच: मिकाता, सुइगेत्सु, सुगा, कुगुशी आणि हिरुगा. एकत्रित नाव मिकाता-गोको, म्हणजे मिकाताचे पाच तलाव. ते एकमेकांना जोडलेले आहेत, तरी प्रत्येकाचं पाणी वेगळं. मिकाता गोड्या पाण्याचा आणि उथळ. हिरुगा सरळ समुद्राशी जोडलेला, म्हणून पूर्ण खारा आणि सर्वांत खोल, जवळजवळ 38 मीटर. मधले तिघे मचूळ, खाडीच्या पाण्यासारखे. खारेपणा आणि खोली वेगवेगळी असल्यामुळे वरून पाहताना प्रत्येकाची निळाई वेगळी दिसते. हे डोंगरावर उभं राहिल्यावर आपोआप समजत नाही. आधी ठाऊक असेल तर मात्र नजर ते शोधत जाते आणि बघण्याला अर्थ येतो. जपान सरकारने 1937 साली या जागेला राष्ट्रीय निसर्गसौंदर्य स्थळाचा दर्जा दिला आणि 2005 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीतही तिचं नाव गेलं. आपल्या लोणारचं नाव त्या यादीत 2020 साली गेलं.

पहिल्या दिवशी सकाळी मिकाता स्टेशनवर उतरून तलावाच्या काठावरच्या नेन्को संग्रहालयात जा. नेन्को म्हणजे वर्षाच्या रेघा. हे संग्रहालय 2018 साली उघडलं. इमारत हिरोशी नाइतो या वास्तुकाराने बांधलेली, लांबलचक, लाकडी छताची. आत मुख्य गोष्ट एकच आहे: 45 मीटर लांब भिंतीवर लावलेला सुइगेत्सु तलावाच्या तळाचा गाळ. गाळ बघायला कोण जातं, असं वाटेल. पण जवळ जा, अगदी नाक काचेला टेकेल इतकं जवळ. गाळाचे कागदासारखे पातळ काप काढून काचांमध्ये बसवलेत आणि मागून उजेड सोडलाय. त्यात एक काळपट रेघ, एक फिकट रेघ, पुन्हा काळपट, पुन्हा फिकट. काळपट रेघ वसंतापासून शरद ऋतूपर्यंतची: त्या काळात तलावातले सूक्ष्म जीव मरून तळाशी बसतात. फिकट रेघ हिवाळ्याची: पाण्यातलं लोह आणि आशिया खंडावरून वाऱ्याने आणलेली पिवळी धूळ. दोन्ही मिळून एक वर्ष. एका वर्षाची जाडी सरासरी 0.7 मिलिमीटर. अशी 70,000 वर्षं त्या भिंतीवर ओळीने लागली आहेत.

हे नेमकं याच तलावात का झालं, याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. सुइगेत्सुत मोठी नदी थेट उतरत नाही. हासु नदीचा गाळ आधी शेजारच्या मिकाता तलावात बसतो आणि पुढे निवळलेलं पाणी येतं. चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे वारा पाणी ढवळत नाही. तलाव सुमारे 34 मीटर खोल, तळाला प्राणवायू नाही, म्हणून गाळ उकरणारा किडा-मासाही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जवळच्या भूभ्रंशामुळे तलावाचा तळ हळूहळू खचत राहतो. म्हणून एवढी वर्षं गाळ साचूनही तलाव भरला नाही. या चारही गोष्टी एका ठिकाणी जुळून येणं दुर्मीळच. प्राचीन लाकूड किंवा हाड किती जुनं आहे हे कार्बनच्या मोजणीवरून ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ जे प्रमाणित कोष्टक वापरतात, ते तयार करताना या तलावाच्या रेघा आणि त्यात सापडलेली झाडांची पानं कामी आली आहेत.

भिंतीच्या ओळीत मधे मधे एक जाड, वेगळ्याच रंगाचा पट्टा दिसेल. ती ज्वालामुखीची राख. सुमारे 30,000 वर्षांपूर्वी दक्षिणेत, आजच्या कागोशिमाजवळ झालेल्या महास्फोटाची राख इथवर उडत आली होती. इथे घाई करू नका, निदान दीड तास ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना राखेचे पट्टे शोधायला लावा.

बाजूलाच जोमोन संग्रहालय आहे. जोमोन हा जपानचा अतिप्राचीन काळ. त्या काळातल्या लोकांची वस्ती इथल्याच तोरिहामा नावाच्या जागी होती. ओल्या मातीमुळे तिथे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या: दोर, लाकडी भांडी, एका खोडातून कोरलेल्या होड्या आणि सुमारे 6,000 वर्षांपूर्वीचा लाल लाखेचा एक कंगवा. या संग्रहालयात होड्या आहेत. त्यांच्याभोवती एक फेरी मारा आणि मग बाहेर येऊन तलावाकडे बघा. याच पाण्यावर त्या चालल्या होत्या. दोन्ही संग्रहालयं साधारणपणे मंगळवारी बंद असतात. बेत आखताना हा वार टाळा.

दुपारच्या जेवणाला उनागी, म्हणजे गोड्या पाण्यातली वाम. मिकाताच्या वामीचं नाव जुनं आहे. निमुळत्या तोंडाची, निळसर पाठीची ती खास असं इथे मानतात आणि तलावाकाठी अनेक खानावळी फक्त हाच पदार्थ करतात. वाम उभी चिरतात, काटे काढतात आणि सोया व गोडसर मिरिन यांचा रस पुन्हापुन्हा लावत कोळशावर भाजतात. गरम भातावर ठेवलेला तो तुकडा चॉपस्टिकने दाबला की तुटतो. वर सान्शो नावाची पूड असते. तिच्या वासावरून आपल्याकडच्या कोकणातल्या तिरफळाची आठवण येईल, कारण दोन्ही एकाच कुळातली झाडं. ती बेताने घ्या, जीभ बधिर होते. आता एक गोष्ट मनापासून सांगते. जपानी वाम संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2014 साली तिला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. म्हणून एकदाच खा, चांगल्या ठिकाणी खा, आणि रोजच्या जेवणाला दुसरे मासे घ्या. तलावातली वाम आहे की पाळलेली, हे विचारलं तर खानावळीवाले सरळ सांगतात. तलावातली बरीच महाग पडते.

जेवणानंतर पाण्यावर जा. कुगुशी तलावाच्या काठावरून विजेवर चालणाऱ्या बोटी सुटतात. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या दिवशी राहत्या ठिकाणी चौकशी करा. या फेरीत बोट एका अरुंद घळीतून जाते. दोन्ही बाजूंना कापलेला खडक, वर झाडी. तिचं नाव उरामी. 1662 साली मोठा भूकंप झाला, जमीन वर उचलली गेली आणि तलावांचं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली. काठावरची गावं आणि भातशेती पाण्याखाली गेली. तेव्हा इथल्या सरकारी अधिकाऱ्याने, नामेकाता क्यूबेईने, डोंगर फोडून पाण्याला वाट करून द्यायचं ठरवलं. सुरुंगाशिवाय, हातोडी-छिन्नीने दोन वर्षांत, 1664 साली ही घळ पूर्ण झाली. पाणी उतरलं आणि नव्या शेतजमिनी मिळाल्या. तोवर गोडा असलेला सुइगेत्सु तलाव या वाटेने आलेल्या समुद्राच्या पाण्यामुळे मचूळ झाला. सकाळी भिंतीवर पाहिलेल्या रेघा आणि दुपारी पाहिलेली ही घळ यांचा संबंध इथे लागतो. माणसाने एक वाट फोडली आणि अख्ख्या तलावाचं पाणी बदललं.

बोट नको असेल तर सायकल भाड्याने घ्या. काठाने जाणारा रस्ता बराचसा सपाट आहे आणि वाहनं कमी. रस्त्याच्या कडेला उमेच्या बागा लागतात. उमे म्हणजे जपानी आंबट आलुबुखाराच म्हणा. वाकासाचा उमे जपान समुद्राच्या बाजूला सर्वांत नावाजलेला. फुलं फेब्रुवारीअखेर ते मार्च, फळांची तोडणी जूनच्या मध्यापासून. बेनिसाशी नावाची जात खारवायला, केन्साकी नावाची मद्यात मुरवायला. जूनमध्ये गेलात तर बागेच्या दारात टोपल्या मांडलेल्या दिसतील. त्याच दिवसांत पावसाळाही असतो, पण आपल्याला पावसाचं काय कौतुक सांगायचं!

रात्री राहायला मिन्शुकू घ्या, हॉटेल नको. मिन्शुकू म्हणजे घरगुती मुक्काम. सुइगेत्सुपासून समुद्रात घुसलेल्या त्सुनेकामी द्वीपकल्पावर कोळ्यांची अशी अनेक घरं आहेत. त्यांचे नियम मात्र पाळावे लागतात. संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा. जेवण सहा-साडेसहाला, म्हणजे खरोखर सहा-साडेसहाला. आपल्यासारखं नऊला जेवायचं म्हटलं तर चूल विझलेली असते. जे खात नाही ते बुकिंग करतानाच कळवा, कारण घरातली बाई तुमच्या नावाने मासळी आणते. पैसे बरेचदा रोख द्यावे लागतात, तेव्हा येताना गाडी बदलाल त्या त्सुरुगा स्टेशनवरच येन काढून ठेवा. न्हाणीघर एकत्र असतं. आधी बाहेर साबणाने स्वच्छ अंघोळ करायची आणि मगच गरम पाण्याच्या टाक्यात उतरायचं. टाक्यात साबण नाही, टॉवेल नाही. दुसऱ्यांनीही त्याच पाण्यात उतरायचं असतं.

जेवणात काय येईल ते ऋतूवर. हिवाळ्यात खेकडा आणि फुगु मासा, उन्हाळ्यात कालवं आणि स्क्विड, वर्षभर गुजी नावाचा लालसर मासा. गुजी मिळाला तर खवल्यांसकट भाजलेला मागा. खवले कुरकुरीत होतात आणि तेही खायचे असतात.

आता हेशिकोबद्दल. हा पदार्थ जपानभर मिळत नाही. मिहामा आणि वाकासा हे त्याचं घर. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला, पण थंड पाण्यातला आणि चरबीचा मासा. तो पाठीकडून उघडून मिठात घालतात आणि वर दगड ठेवून पाणी काढतात. मग तांदळाच्या कोंड्यात, मिरचीबरोबर, लाकडी पिंपात थर लावून पुन्हा दगडाखाली दाबून ठेवतात. निदान एक उन्हाळा त्या पिंपाने पाहिलाच पाहिजे असा दंडक आहे, कारण उष्म्यातच तो मुरतो. वर्षभराने काढलेला मासा तपकिरी, घट्ट, कोंड्याने माखलेला असतो. वास उग्र. कोंडा पुसायचा, तुकडा निखाऱ्यावर नुसता दाखवल्यासारखा भाजायचा आणि नखाएवढा कपटा भाताच्या मोठ्या घासाबरोबर खायचा. आधी मीठ लागतं, मग चरबी, आणि अगदी शेवटी चीजसारखी आंबूस चव रेंगाळते. मोठा तुकडा तोंडात टाकणारा माणूस हेशिकोला कायमचा मुकतो. पावसाळ्यात खारा बांगडा भाजून पेजेशी खाणाऱ्या कोकणी घरात वाढलेल्याला मात्र हे पहिल्या घासात कळेल. ऊन चहा ओतलेल्या भातावर हेशिको कुस्करून खाण्याची पद्धत तर पेजेचीच बहीण.

दुकानात एक गोष्ट विचारून घ्या. वाकासाच्या समुद्रात साबा आता पूर्वीसारखा भरपूर मिळत नाही आणि पुष्कळ हेशिको नॉर्वेहून आलेल्या माशाचा असतो. तो वाईट नाही, चरबी जास्त असल्यामुळे काहींना तोच आवडतो. पण स्थानिक मासा हवा असेल तर पाकिटावरचा उगम बघा किंवा विचारा. शेजारच्या ओबामाने 2016 सालापासून साबा पाळायला सुरुवात केली आहे. खाद्यात साके या तांदळाच्या मद्याचा चोथा घालतात, म्हणून त्याला ‘प्यायलेला साबा’ असं नाव दिलंय. कच्चा खायचा तर तो.

शाकाहारी वाचकांनी इथपर्यंत येऊन पाठ फिरवू नये. अडचण मासे दिसण्याची नाही, न दिसण्याची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, आणि दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा कीस असतो. सूप, भाज्यांचा रस्सा, नूडल्सचं पाणी, सगळ्यात तो असतो आणि ‘भाजीचंच आहे’ म्हणून वाढणारा खोटं बोलत नसतो. त्याला दाशी मासळीत मोजायची सवयच नसते. म्हणून दोन वाक्यं पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मी मांसही खात नाही, मासेही नाही, आणि ‘दाशी मो दामे देस’, म्हणजे दाशीही चालत नाही. वहीत जपानी लिपीत लिहून घेतलंत तर उत्तम. खायला काय? पहिली गोष्ट भात. आज जपानभर पिकणारी कोशिहिकारी ही तांदळाची जात फुकुईतच 1956 साली तयार झाली आणि इथला साधा पांढरा भातही नुसता खावासा वाटतो. त्याबरोबर खारवलेला उमे, मात्र मध किंवा माशाचा कीस घातलेला प्रकारही मिळतो, तो टाळा. फुकुईची माणसं तळलेला जाड तोफू देशात सर्वांत जास्त खातात. तो भाजून, वर किसलेला मुळा आणि सोया घालून मागा. घरून मेतकूट आणि लोणचं नेलंत तर दोन दिवस मजेत जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर. रेनबो लाइन नावाचा घाटरस्ता 1968 साली झाला, आधी त्यावर टोल होता, 2022 पासून तो मोफत आहे. वाहनतळापासून वरच्या बागेपर्यंत छोटी केबल कार किंवा पाळणा, त्याचं तिकीट वेगळं. वर बाइजो डोंगराच्या माथ्यावर, साधारण 400 मीटर उंचीवर, बसायला लाकडी सज्जे आणि पाय बुडवायला गरम पाण्याचं कुंड केलंय. सकाळी नऊ-दहाला जा, उजेड तलावांवर असतो. आता नजर फिरवा. तो उथळ, हिरवट मिकाता. तो काळसर निळा सुइगेत्सु, ज्याच्या तळाशी रेघा आहेत. त्याला चिकटलेला सुगा. सुइगेत्सु आणि कुगुशीच्या मधे झाडीत कालची घळ. आणि समुद्रासारखाच दिसणारा हिरुगा. जपानच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, मान्योशूत, मिकाताच्या या पाण्यावर एक कविता आहे. इतक्या पूर्वीपासून माणसं इथे थांबून बघत आली आहेत. ढग असतील तर मात्र वर जाऊच नका, काहीही दिसत नाही. त्या दिवशी आधी पुढचं करा आणि डोंगर संध्याकाळकडे ढकला.

उन्हाळ्यात मुलांना पोहायला न्यायचं असेल तर मिहामाचा सुइशोहामा. नावाचा अर्थ स्फटिकाचा किनारा, आणि वाळू तशीच स्वच्छ. त्या किनाऱ्यावरून मिहामाचं अणुवीज केंद्र दिसतं. 1970 साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनाला वीज इथूनही गेली होती. काहींना ते दृश्य खटकतं. मला वाटतं, ते दिसतंय हे बरं आहे. सुट्टीतल्या पाहुण्यांनाही गावाचं खरं आयुष्य कळतं.

दुपारनंतर ओबामाच्या दिशेने निघा. वाटेत कामिनाका स्टेशनच्या परिसरात उरिवारी झरा आहे. पाणी इतकं गार की त्यात ठेवलेलं खरबूज तडकतं, असं त्याच्या नावातच सांगितलंय. पाणी भरून घ्यायला माणसं डबे घेऊन येतात. तुम्ही बाटली घेऊन जा.

आणि मग कुमागावा. माझ्या मते या भागातली सर्वांत प्रसन्न जागा हीच. ओबामाच्या बंदरात उतरवलेला साबा मीठ लावून, पाठीवर लादून, डोंगर ओलांडून क्योतोला जायचा. अठरा री, म्हणजे सुमारे 70 किलोमीटर. वाटेत मीठ मुरायचं आणि क्योतोला पोहोचेपर्यंत मासा बरोबर खाण्याजोगा व्हायचा. क्योतोतली प्रसिद्ध साबाची सुशी त्यातूनच आली. या वाटेला आज साबा काइदो, साबाचा रस्ता म्हणतात. कुमागावा हा त्यावरचा मुक्काम. 1589 साली इथल्या सरदाराने, आसानो नागामासाने, गावाचे कर माफ केले आणि चाळीसेक घरांचं खेडं भरभराटीला आलं. जुनी घरं अजून रांगेत उभी आहेत आणि रस्त्याच्या कडेने पाण्याचा वेगाने वाहणारा पाट जातो. एखाद्या घरासमोर त्या पाटात पिंजऱ्यासारखं लाकडी चाक फिरताना दिसेल. आत अळकुड्या असतात. पाण्याच्या जोराने चाक फिरतं आणि त्या एकमेकींवर घासून सोलल्या जातात. दोन मिनिटं थांबून बघा, इतकं साधं आणि इतकं हुशार यंत्र फार क्वचित दिसतं.

इथे कुझु खा. कुझु ही एक वेल, तिच्या मुळाचं सत्त्व थंडीत पुन्हापुन्हा पाण्यात धुऊन काढतात. त्याचे पारदर्शक लाडू, आत गोड वाटलेली लाल चवळीसारखी डाळ. हे पूर्ण शाकाहारी आणि उन्हाळ्यात गार पाण्यात ठेवलेलं मिळतं. फ्रिजमध्ये ठेवलं की पांढरं आणि घट्ट होतं, म्हणून बरोबर न्यायचा मोह टाळून तिथेच खा.

आता जाण्यायेण्याचं. 16 मार्च 2024 पासून होकुरिकु शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत येते. तोक्योहून सर्वांत जलद गाडीने साधारण सव्वातीन तास. ओसाका-क्योतोकडून थंडरबर्ड एक्स्प्रेस, क्योतोपासून साधारण तासभर धरा. त्सुरुगाला ओबामा मार्गाची छोटी गाडी पकडायची आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात मिकाता. हा मार्ग शांत आहे आणि गाड्या विरळ, कधी दोन गाड्यांत दोन तासांचंही अंतर असतं. त्सुरुगाला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे परतीचं वेळापत्रक फोनमध्ये टिपून घ्या. फक्त या सहलीसाठी जपान रेल पास काढू नका. 2023 च्या दरवाढीत सात दिवसांचा साधा पास 50,000 येनांचा झाला, तो वसूल होणार नाही. परतताना कुमागावाहून ओमि-इमाझुला जाणारी बस घ्या. ती बिवा सरोवराच्या काठाला नेते आणि तिथून क्योतोची गाडी मिळते. म्हणजे तुम्ही थोडंफार साबाच्याच जुन्या वाटेने परताल.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतातून निघायच्या आधी आरटीओकडून 1949 च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो तिथे चालतो. जपानमध्येही आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात. तलावांचा आणि द्वीपकल्पाचा परिसर पाहायला गाडी असेल तर दोन दिवस निवांत पुरतात. नसेल तर त्सुनेकामीऐवजी स्टेशनजवळ मुक्काम करा. हिवाळ्यात गाडी घेणार असाल तर बर्फाचे टायर आहेत ना, हे विचारूनच घ्या. या बाजूला बर्फ भरपूर पडतो आणि एरवीही छत्री रोज लागते. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी म्हणच आहे होकुरिकुत, म्हणजे जपानच्या या किनारपट्टीत.

कधी जावं? मला विचाराल तर मेचा मध्य किंवा ऑक्टोबरची अखेर. हवा स्वच्छ, गर्दी कमी. जुलै-ऑगस्टमध्ये किनारे भरतात आणि दमट उकाडा मुंबईलाही मागे टाकतो. घरी न्यायला ओबामाच्या लाखकाम केलेल्या चॉपस्टिक घ्या. जपानातल्या लाखेच्या चॉपस्टिकपैकी बहुतांश तिथेच होतात. हलक्या आणि टिकाऊ. हेशिको मात्र तिथेच खा, विमानात त्याच्या वासाला तोंड देणं कठीण आहे.

थंडी सोसत असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये एकदा मिकाता तलावावर पहाटे जा. कोळी जाळी सोडतात आणि होडीत उभं राहून लांब बांबूने पाण्यावर फाडफाड मारत पुढे जातात. थंडीने तळाशी गारठून बसलेले कटला-रोहूसारखे मासे दचकून वर उसळतात आणि जाळ्यात अडकतात. ताताकी-आमी म्हणतात या मासेमारीला, आणि ती इथे शतकानुशतकं चालत आली आहे. मिन्शुकूच्या मालकाला आदल्या रात्री विचारा, कोणत्या काठाला दिसेल ते तो सांगेल. काठावर उभं राहा, आवाज करू नका, फोटोसाठी त्यांना हाक मारून थांबवू नका. ती माणसं कामावर असतात.